भाकर मोडण्यापूर्वी

नगर स्टेशनावर त्या दिवशी आम्हां दोघींना पोचवायला चर्चची अख्खी मंडळी आली होती. मी आणि माझी चुलत बहीण एस्तेर, दोघीही मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या नर्स. सरहद्दीपलीकडून, पूर्व पाकिस्तानातून माणसांचे लोंढे येत होते आणि कलकत्त्याच्या छावण्यांत हात कमी पडत होते. काकू रडत होती, एस्तेर हसत होती आणि बाबा मला बजावत होते, "ती धांदरट आहे, तिला सांभाळ." मनमाडला गाडी बदलताना ती पाण्याचा तांब्या फलाटावरच विसरली. हावड्यापर्यंत मी तिची थट्टा करत आले.

आमची छावणी डमडमच्या बाजूला होती. चिखल, ताडपत्र्या आणि कॉलरा. सलाइनच्या बाटल्या परदेशातल्या चर्चेस पाठवत, त्या खिदिरपूरच्या गोदीत उतरत. गोदामाची किल्ली आम्ही जात होतो त्याच चर्चच्या डीकनकडे, म्हणजे कारभार पाहणाऱ्या सेवकाकडे, मंडलबाबूंकडे असे. फार गोड माणूस, मला 'बोन' म्हणजे बहीण म्हणायचे. एस्तेरला कॉलरा झाला तेव्हा छावणीत एकही बाटली नव्हती. माल जहाजातून उतरलाच नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. सकाळी तिला जुलाब लागले आणि दिवेलागणीच्या आत ती गेली. तिला मातीआड केल्यावर काही दिवसांनी खिदिरपुरात औषधाच्या एका दुकानात चर्चचा शिक्का असलेल्या बाटल्या मला दिसल्या. मंडलबाबू देतात, असं दुकानदार सहज बोलून गेला. इथून पुढे मी त्याला अहोजाहो करणार नाही.

मी तक्रार केली, पण पोलीस दुकानात पोचले तोवर बाटल्या नाहीशा झाल्या होत्या. पाद्रीसाहेब म्हणाले, युद्ध तोंडावर आलंय, चर्चची अब्रू चव्हाट्यावर नको, क्षमा कर. क्षमेचा असा सुकाळ मी कधी पाहिला नव्हता. ज्याचं काहीच गेलं नव्हतं तो प्रत्येक जण ती वाटत सुटला होता.

आपल्याकडची रीत तुम्हां नगरकरांना ठाऊकच आहे, हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. प्रभुभोजनात भाकर मोडण्यापूर्वी पाळक विचारतात, कुणाचं कुणाशी वाकडं आहे का? असेल त्याने उभं राहून सांगायचं आणि ते मिटेपर्यंत कुणीच भाकर घ्यायची नाही. सासवा-सुना, बांधावरून भांडलेले भाऊ, सगळे असे उभे राहिलेले मी पाहिले आहेत. समोरच्याने चारचौघांत माफी मागितली की मात्र ती द्यावीच लागते. जो देत नाही तो स्वतःच पंगतीबाहेर.

कलकत्त्यात ही रीत नव्हती, पण मी होते. डिसेंबरात, ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावलेले असताना, मंडल भाकरीचं ताट घेऊन उभा राहिला आणि मीही उभी राहिले. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पाद्रीसाहेबांनी उपासना घाईघाईने गुंडाळली. पुढच्या प्रभुभोजनाला मी पुन्हा उभी राहिले, त्याच्या पुढच्यालाही. लढाई जिंकली, लोकांनी संदेश मिठाई वाटली, निर्वासित आपल्या गावी परतू लागले. माझी लढाई चालूच होती. लोक मंडलशी बोलेनासे झाले. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मला वाईट वाटलं नाही. तो वाळत चालला होता आणि मी रविवारची वाट पाहत होते.

ईस्टरला बाबा मला न्यायला आले. नेमका त्याच दिवशी मंडल ताट खाली ठेवून माझ्या बाकापाशी आला, गुडघे टेकले आणि बाटल्या विकल्याचं सगळ्यांदेखत कबूल केलं.

"आमाके क्षमा कोरो, बोन."

तो खरोखर रडत होता, हे मला कळत होतं. चर्चमध्ये सगळ्यांना वाटलं की मला हेच हवं होतं. मला तो माफीवाचून मेलेला हवा होता.

"ना," मी म्हणाले.

बाबांनी माझा हात धरला. "बाळ, आता दोष तुझ्याकडे आला."

मला ते माहीत होतं. रीत मीच आणली होती. मी उठून बाहेर आले आणि माझ्यामागे मंडलने भाकर खाल्ली. बाबा एकटेच नगरला परतले.

आता मी इथल्याच एका दवाखान्यात आहे. बाजारात बंगालीत घासाघीस करते, मोहरीच्या तेलाचा वास येईनासा झाला आहे. मंडल मागच्या वर्षी वारला. आता तरी ये, असं तुम्ही सगळे म्हणता. इथे चर्चमध्ये मला कुणी काही विचारत नाही. ताट आलं की मी ते शेजारणीकडे सरकवते. नगरला मात्र पाळक विचारतील, मंडळी माझ्याकडे पाहील आणि तिथे मला खोटं बोलता येणार नाही. माझ्यासाठी घर म्हणजे एवढंच उरलं आहे, आणि म्हणूनच मी येत नाही.

काकू, तू त्याला केव्हाच क्षमा केलीस, असं बाबांनी सांगितलं. मुलगी तुझी होती, तो तुझा हक्क. पण त्याबद्दल माझा तुझ्यावरही राग आहे.