लाल मातीचे थर

"माळ्याला पुढच्या महिन्यापासून येऊ नका सांगितलंय. प्लास्टिकचं गवत टाकतोय. तुम्ही फक्त लॉन गेल्याचा रिपोर्ट द्या, मॅडम." इंदिरानगरातल्या सोसायटीचे चेअरमन पगारे सर मला पार्किंगमध्येच म्हणाले.

मी बागांची सल्लागार. बाग मरायला टेकली की लोकांना माझी आठवण येते. माळी होते भिकाभाऊ, नांदगावकडचे. बारा वर्षं हेच लॉन सांभाळत होते. या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार?

"लय पाणी देतो मॅडम," ते म्हणाले, "पण खाली उतरतच नाय. सगळं पार्किंगमधी जातं."

मी खुरप्याने एक चौकोन कापून काढला. आत लाल मातीचे थर, रोलर फिरवून दाबलेले. मुळं वरच्या बोटभर मातीतच अडकलेली. लॉनवर दरवर्षी लाल माती टाकायची आपल्याकडे पद्धतच आहे. चार दिवस छान दिसतं. पण मातीत कुजलेलं काहीच नसेल, तर ती घट्ट बसते आणि पाणी वरून वाहून जातं.

मी वैतागले. "दरवर्षी माती टाकायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच मॅडम. चार वर्षं झाली. कागद हाय माझ्याकडं. सरांना नाय दाखवला, तुमचं नाव खराब व्हईल."

कागद त्यांनी लॅमिनेट करून ठेवला होता. अक्षर माझंच. 'लाल माती टाकून रोलर फिरवणे.' तेव्हा लॉनमध्ये खड्डे होते, ते एकदाच भरायचे होते. 'एकदाच' हा शब्द मी लिहिलाच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हा माणूस माझी इज्जत जाईल म्हणून तो कागद चेअरमनना दाखवत नव्हता!

मीच तो पगारे सरांना दाखवला. "चूक माझी आहे, सर. दिवाळीपर्यंत वेळ द्या. खर्च फारसा नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर रिपोर्ट देईन. कारणात माझं नाव घालून."

सर हसले नाहीत, पण हो म्हणाले.

रोलर बंद केला. दाते असलेल्या काट्याने लॉनभर खोल भोकं पाडली. चांदवडच्या एका शेतकऱ्याकडून मुरलेलं शेणखत आणलं. ताजं शेण गवत जाळतं. मुरलेलं मुठीत गार लागतं आणि त्याला मातीचा वास येतो. ते चाळून पातळ पसरलं, खराट्याने भोकांत लोटलं. सोसायटीचा पालापाचोळा रोज घंटागाडीत जायचा. तो कोपऱ्यात जाळी लावून कुजत घातला. पुढच्या वर्षीचं खत घरचंच.

महिनाभर काही दिसेना. सर गॅलरीतून बघायचे, मी मान वर करत नसे. गणपतीच्या सुमारास पाणी मुरायला लागलं. दिवाळीपर्यंत लॉन भरलं. गेटजवळचा एक तुकडा अजून टकला आहे. प्लास्टिकचं गवत रद्द झालं आणि भिकाभाऊंचं काम राहिलं.

मग मी त्यांना नव्या सूचना लिहून दिल्या. त्यांनी कागद सावकाश वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"मॅडम, हे कवा थांबवायचं, तेबी लिहा."

मी गुपचूप लिहिलं. आता ती ओळ मी कुणी न सांगता लिहिते.