दोन चिमटी धूप

अम्मियाने वेदीवर दोन चिमटी धूप टाकला. एक चिमूट स्वतःच्या नावाची, दुसरी थोरल्या बहिणीच्या. निकोमेडियात तेव्हा ख्रिस्ताच्या माणसांनी सम्राटाच्या देवांना धूप वाहावा नाहीतर खाणीत जावं, असा सम्राटाचा हुकूम होता. त्रिफेना तुरुंगात होती, आणि ती मरेल पण धूप टाकणार नाही, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. कारकुनालाही कटकट नको होती. त्याने दोन्ही नावांपुढे खूण केली आणि त्रिफेनाला सोडायला सांगितलं.

गप्प घरी यायचं ना! पण ती तुरुंगाच्या पायरीवरच ओरडली, “खोटं आहे! मी काही वाहिलं नाही!” शिपायाने थोबाडीत मारली, तरी ओरडतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिला तांब्याच्या खाणींकडे हाकललं.

अम्मिया लोकर विणायची. मागाला टांगलेली मातीची वजनं एकमेकांवर आपटली, की तिला ताईचे पायरीवरचे तेच शब्द ऐकू यायचे. तिने वजनांना चिंध्या गुंडाळल्या. मग ते शब्द चिंध्यांतूनही यायला लागले. भर दुपारी ती दचकून दाराकडे बघायची. दारात कुणी नसायचं.

तिसऱ्या वसंतात चौकात फलक लागला. आजारी सम्राटाने ख्रिस्ताच्या माणसांना माफी दिली होती. प्रार्थनाघरं पुन्हा बांधा म्हणे, आणि माझ्या जिवासाठी तुमच्या देवाला साकडं घाला.

“करून करून भागला अन् देवपूजेला लागला,” शेजारीण फिसकारली. पुढच्याच आठवड्यात तो मेला.

उन्हाळ्यात त्रिफेना आली. उजवा डोळा काढलेला, डाव्या पायाची शीर डागलेली. अम्मियाने रडत रडत तिचे पाय धुतले, मसुरीचं कालवण आणि जवाची भाकरी वाढली. त्रिफेनाने जेवणाआधी हात पसरले आणि सम्राटासाठी देवाकडे क्षमा मागितली.

“ताई, तो मेला गं.”

“ठाऊक आहे. त्याच्या जिवाला शांती नको?”

“आणि मला?” अम्मियाने विचारलं. “मी तुला वाचवायला गेले होते.”

“तो परका होता गं. त्याने माझा डोळा नेला.” त्रिफेनाने भाकरी मोडली. “तू माझ्या नावाने त्यांना हो म्हणालीस.”

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, धाकटीच्याच हातचं जेवली. रोज जेवणाआधी ती त्या मेलेल्याचं नाव घेई, आणि अम्मिया शेजारी डोळे मिटून आपल्या नावाची वाट बघत बसे. ते कधी आलं नाही.