डावऱ्या, पळत्या, थांब्या आणि आमचे वसंतराव

माणूस दहा मिनिटांसाठी चहाला येतो आणि भांडण सोडून जातो. कप विसळला जातो, भांडण तिथंच राहतं. बडनेरा रोडवरच्या माझ्या दुकानात कोपऱ्यातला एक बाक आहे, त्याच्या आजूबाजूला असं बरंच साचलंय. सगळं एकाच गोष्टीवरचं: जगातला सगळ्यात मोठा गिटारवाला कोण. अमरावतीत बसून माणसं यावर भांडतात. साधंसुधं नाही, आठ-आठ दिवस बोलणं बंद करतात.

बाकावर तिघं. देशमुख सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. पप्पू, लाइट फिटिंगची कामं घेतो. आणि वसंतराव. वसंतरावांनी तीस वर्षं भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवली. अकोट, हिवरखेड, धामणगाव, जयंतीचं एक गाव सोडलं नाही. दोन वर्षांमागं डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला, बोटं नाही आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून माझ्या दुकानापर्यंत चालत येतात, बिनसाखरेचा चहा घेतात आणि दोघांचं ऐकतात.

त्या परदेशी गिटारवाल्यांच्या नावांवर माझी जीभ वळत नाही. मी माझी नावं ठेवली. एक डाव्या हाताचा, तो डावऱ्या. एक नुसता सुसाट, तो पळत्या. आणि एक सुरावर येऊन थांबला की हलतच नाही, तो थांब्या. आता सरसुद्धा हीच नावं घेतात.

•

यांचा एक खेळ आहे. नाव न सांगता फोनवर गिटार लावायची आणि बाकीच्यांनी वाजवणारा ओळखायचा. अडचण एकच. फोनवर नाव येतं, आणि ज्याच्या हातात फोन त्याचं तोंड चुगली करतं. पप्पूला तर हसू आवरत नाही.

मग फोन माझ्या हातात आला. मी चौथी शिकले. मराठी पेपर आरपार वाचते, पण इंग्रजी अक्षर मला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. मलाच माहीत नाही तर तोंडावर काय दिसणार?

सर म्हणाले, "मंदाताई, तुम्ही खऱ्या निष्पक्ष."

"सरळ अडाणी म्हणा ना सर. मले राग नाही येत."

तेव्हापासून बोट माझं, कान त्यांचे.

•

सर थांब्याचे, पप्पू पळत्याचा. सर म्हणायचे, घाईत माणूस बोलतो ते खरं नसतं. पप्पू म्हणायचा, सर, तुमच्या माणसाला दुसरा सूर येत नसेल. यावरून एकदा सर चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले ते पप्पूकडे पाठ करून बसले.

मला दोघांचाही वैताग आला. पोहे आपटले समोर. "एक पळते, एक उभा राह्यते. दोघायले जायचं कुठी हाय, ते कोणी इचारलं का?"

सरांनी खिशातून डायरी काढली आणि काहीतरी लिहून घेतलं. पोहे गार झाले ते झालेच.

•

एकदा पप्पूची बायको दुकानात आली. नवरा रोज संध्याकाळी कुठं जातो ते बघायला. मी तिला बसवलं, चहा दिला आणि सरांनी काढून दिलेला थांब्या लावला. सर तिच्या तोंडाकडे बघत बसले, आता ही काय म्हणते म्हणून.

तिनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "याले बायको असन तर ती लय कामाची असन. एवढा येळ एका सुरावर थांबाले घरचं कोणीतरी आवरून राहिलं ना."

सरांच्या घरी सरांच्या मिसेस आहेत. सर त्या दिवशी लवकर घरी गेले.

•

आता हे जरा वेगळं. एकदा सर ब्ल्यूज, म्हणजे या गिटारवाल्यांचं मूळचं गाणं, कुठून आलं ते समजावून सांगत होते. म्हणाले, गुलाम करून नेलेली माणसं होती, मालकाच्या शेतात राबायची. राबताना गायची, त्यातून हे निघालं.

मी विचारलं, शेतात काय होतं?

"कापूस."

मी गॅस बारीक केला. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून लग्न होईस्तोवर मी धामणगावच्या बाजूला कापूस वेचलाय. बोंडाचं टोक नखाच्या कडेला घुसतं. संध्याकाळी भाकरीला मीठ लागलं की झोंबतं. आम्हीही गायचो. आईच्या ओटीत कापूस, तोंडात बाबासाहेबांचं गाणं.

मी विचारलं, "सर, मालकाले ते गाणं ऐकू जात असन?"

सरांची स्वतःची कापसाची काळी जमीन आहे, वडिलोपार्जित. चष्मा काढून पुसत बसले.

वसंतराव बोलले. महिन्यातून एखादं वाक्य बोलणारा माणूस. "ऐकू जात असन. समजत नसन."

त्या दिवसापासून ती गिटार मला परदेशातली वाटत नाही. कोणाला वाटायची तर वाटो.

•

मोठा कोण म्हणायचा, यावर एकदा फारच पेटलं. पप्पूचं म्हणणं, ज्याची नक्कल सगळे करतात तो मोठा. सरांचं म्हणणं, ज्याची नक्कल कोणालाच जमत नाही तो. मी वसंतरावांकडे बघितलं. तीस वर्षं हातात गिटार धरलेला एकच माणूस बाकावर, आणि त्याला कोणी विचारत नाही!

विचारलं मी. "तुमी सांगा दादा. माणसाचं मागं काय राह्यते?"

"त्याईचं राह्यलं, मंदा. त्याईच्या रेकॉर्डी हायेत." चहा ढवळायचं कारण नव्हतं, साखरच नव्हती. तरी ढवळला. "आपण हवेत वाजवलं, हवेत गेलं."

मग पप्पूला म्हणाले, रविवारी येतो गिटार घेऊन, तू घेऊन जा. भिंतीवर दिसली की हात दुखतो.

पप्पूनं नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. वसंतराव कमी बोलतात, पण बोलले की बदलत नाहीत. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. रागानं. माणूस जिवंत आहे आणि स्वतःचं पुसून टाकतोय.

•

आता हा शेवटचा किस्सा.

माझी मोठी बहीण हिवरखेडला दिली आहे. तिच्या सासऱ्यांना जयंतीचा कार्यक्रम टेप करायची हौस होती. मी तिला फोन केला, तिनं ट्रंक उपसली आणि एक कॅसेट निघाली. अकोटच्या कार्यक्रमाची. मोबाइलच्या दुकानातल्या माणसाकडून तिनं ती फोनवर चढवली. भाषणं काढली, वसंतरावांचं नाव पुकारलेलं काढलं, टाळ्या काढल्या, गाणं सुरू व्हायच्या आधीचा दोन-अडीच मिनिटांचा गिटारचा तुकडा तेवढा ठेवून मला पाठवला. वाजवणारे वसंतराव. हे मला माहीत, बहिणीला माहीत. तिसऱ्या कोणाला नाही.

रविवारी वसंतराव आले. गिटार जुन्या चादरीत गुंडाळलेली. बाकावर ठेवली, पप्पूच्या बाजूला. पप्पूनं हात लावला नाही.

मी म्हटलं, आधी खेळ. एक डावऱ्या निघाला, एक थांब्या निघाला. दोन्ही ओळखले त्यांनी. मग तिसरा म्हणून अकोटचा तुकडा लावला. वसंतरावांकडे बघायची हिंमत झाली नाही, मी चहाच्या पातेल्यात बघत राहिले.

संपलं. सर म्हणाले, रेकॉर्डिंग भिकार आहे, माणूस भिकार नाही. पुन्हा लावा. पुन्हा लावलं. सरांना तो थांब्याचा चेला वाटला. पप्पू म्हणाला, चेला कसला, याच्यात घाई आहे, पण पळत्याची नाही, कुठंतरी पोचायची आहे. तिसऱ्यांदा लावलं. पंधरा-वीस मिनिटं दोघं भांडले, थांब्यावरून भांडतात तसे, आवाज चढवून, टेबल ठोकून.

मग पप्पूला सापडलं. "चोर आहे हा. शेवटचा तुकडा ऐका सर. डावऱ्याचा हाय, जसाच्या तसा उचलला."

सरांनी कान देऊन पुन्हा ऐकला. "हो रे. उचललाय."

"मंग चोराले मोठा म्हणता का?"

सर माझ्याकडे बघू लागले, नाव दाखवा म्हणून. हे मी काय करून बसले, असं झालं.

वसंतरावांनी कप खाली ठेवला. उजव्या हातानं चादरीतली गिटार पप्पूच्या बाजूनं ओढली आणि आपल्या मांडीवर घेतली.

"चोरला नाही," ते म्हणाले. "डावऱ्याचं ते म्या अकोटनंतर दोन वर्षानं ऐकलं."