पुकारा

डावा हात व्हरांड्याच्या दगडी खांबाला लावून ते एकदा खाकरायचे, की लिंबाखाली भाकरी खात बसलेली माणसं घास हातात धरून थांबायची. पाथर्डीकडच्या आमच्या जुन्या कोर्टात कधी तारखेला आला असाल, तर तो आवाज तुमच्या ओळखीचा आहे.

बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, मी लिहायचे. ते शिपाई. प्रत्येक नाव तीनदा पुकारायचे. तरी माणूस आला नाही, तर दावा एकतर्फी. म्हणून गावाकडची जीप उशिरा असली, की तिसऱ्या पुकाऱ्याआधी ते पाणी पिऊन यायचे. साहेबांनी हटकलं तर म्हणायचे, "घसा हाय साहेब, भोंगा न्हाई."

नावापुढे राव नाही, बाई नाही. एक सरपंच यावरून रागावला, तेव्हा त्याला म्हणाले, "हितं समदे सारखे. मान घरी जाऊन घ्या." आम्ही सगळे हसलो होतो.

पुढे त्यांचाच दावा बोर्डावर आला. थोरल्या भावाशी, सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. आज दुसऱ्या कुणाला पुकारू द्या, असं मी सुचवलं.

"का म्हून? ड्युटी हाय माझी."

थोरले समोर लिंबाखालीच होते. वकील दिला नव्हता. धाकट्याला हवी ती पाळी देतो, साहेबांपुढे तसं सांगतो, असं सकाळीच मला म्हणाले होते.

ज्या थोरल्यांना जन्मात 'दादा'शिवाय दुसरी हाक मारली नाही, त्यांचं नाव यांनी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पुकारलं. दुसऱ्यांदाही तसंच. थोरले जागचे हलले नाहीत. मी हळूच म्हटलं, "अहो, दादा म्हणा."

"बोर्डावर दादा कुठं लिव्हलंय?" म्हणाले, आणि लगेच तिसऱ्यांदा पुकारलं.

थोरले उठले, पायजमा झटकला. शेजारच्याने, जाता कुठं, म्हणून विचारलं. "मला कुठं कुनी बलावलं?" म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले.

निकाल एकतर्फी लागला, हवी ती पाळी मिळाली. थोरल्यांनी त्याच साली कोयता घेतला आणि कुटुंबासह ऊसतोडीला गेले. विहिरीखालचं आपलं रान पुन्हा त्यांनी पेरलं नाही.

आता कोर्ट नव्या इमारतीत आहे. जुन्याला कुलूप. ते निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात पेन्शनच्या कागदावर त्यांची सही राहिली होती, म्हणून मी वस्तीवर गेले. विहिरीवरची मोटार चालू होती. त्यांचा कांदा पाण्यावाचून माना टाकून उभा होता आणि पाणी चाललं होतं भावाच्या पडीक रानात. तिथे तर काहीच पेरलेलं नाही, मी म्हटलं.

"आज दादाची पाळी हाय," म्हणाले आणि फावड्याने माती ओढून पाणी पुढच्या भेगाळलेल्या वाफ्यात वळवलं.