खोटी अडचण

महिन्यातून चार दिवस रोहिणी माझ्या भिंतीला टेकून बसायची. तिच्या सासूच्या, तुळजाबाईंच्या घरात अडचण आलेल्या बाईला उंबऱ्याच्या आत जागा नाही. आमच्या दोन घरांच्या मधे पत्र्याचा आडोसा आहे. तिथे एक पोतं, एक तांब्या, एक ताटली. मी जन्मभर शाळेत शिकवलं. तुळजाबाईंना तोंडावर सांगितलं, हा मूर्खपणा आहे.

"बाई, तुमच्या कपाटात पुस्तकं हायत, आमच्या कपाटात देव हाय," त्या म्हणाल्या. विषय संपला.

आणि खरी गोष्ट अशी, की त्या वर्षी रोहिणीला अडचण येतच नव्हती.

रोहिणी लिंबागणेशची. दहावी झालेली, हडकुळी, हसताना तोंडापुढे हात धरणारी. नवरा शिवशंकर परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रकवर ड्रायव्हर, सणावारी घरी यायचा. एक मुलगी झाली, तिच्या पाठोपाठ दुसरी. दुसरीच्या वेळी इतकं रक्त गेलं की डॉक्टरीणबाईंनी बजावलं, निदान तीन वर्षं पुन्हा नको, हिच्या अंगात काही उरलेलं नाही. तुळजाबाईंनी ऐकलं, शिवशंकरनं ऐकलं. माना हलवल्या. पण त्यासाठी करायचं काय, ते रोहिणीनं बघायचं आणि तेही कुणाला कळू न देता.

ऑपरेशन? मुलगा झाल्याशिवाय नाव काढायचं नाही. तांबी? तुळजाबाईंच्या भाचीची म्हणे काळजाकडे चढली. चढायला आत रस्ताच नसतो, हे मी पाटीवर चित्र काढून दाखवलं. त्यांनी पदरानं डोळे झाकले. निरोध म्हटल्यावर शिवशंकर बायकोवर उखडला, "मी काय बाहेर तोंड मारत हिंडतो का?" गोळ्यांचं पाकीट थोरली झाल्यावर उडदाच्या डब्यात सापडलं होतं, आणि त्या पायी रोहिणीला सख्ख्या भावाच्या लग्नाला पाठवलं नव्हतं. राहता राहिलं तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. टोचलं की झालं, घरात लपवायला काही मागे राहत नाही. सरकारी भिंतीवर लिहिलेलं असतं, 'निवड तुमची'. ती ही अशी.

गावच्या आशाताईनं, आम्रपालीनं, ते जमवून दिलं. बाळाच्या डोसाला म्हणून रोहिणी जायची, एक सुई पोरीला, एक स्वतःला.

त्या इंजेक्शननं काहींची पाळी थांबते. हिची थांबली. अंगावर पाजतेय म्हणून काही दिवस कुणी बोललं नाही. मग तुळजाबाईंनी सुरू केलं, "थोरलीच्या टायमाला तर सव्वा महिन्यातच आलती. आता कावून न्हाई?"

एके दिवशी सकाळीच रोहिणी पोतं घेऊन आडोशाला आली.

"आली का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"बसले." तिनं तोंडापुढे हात धरला. "बाई, लई बरं वाटतं. चूल न्हाई, पाणी न्हाई, आयतं ताट. आत्याबाई सोता आणून देतेत."

तेव्हापासून दर महिन्याला ती नेमानं बसू लागली. मला तिचं कौतुक वाटलं. ज्या खुळचटपणानं तिला छळलं, त्याचाच तिनं आडोसा केला होता.

भाद्रपदात तिसरं इंजेक्शन होतं. उपकेंद्राचं छत गळत होतं, म्हणून लसीकरण मारुतीच्या सभामंडपात व्हायचं. गौरी आल्या म्हणून नर्सबाईंनी दिवस अलीकडे घेतला आणि तो निरोप सकाळी आला. रोहिणी आदल्या संध्याकाळीच बाहेर बसली होती.

ती उठायला लागली.

"तू कुठं निघालीस?" तुळजाबाई म्हणाल्या. "तुला देवळात कसं न्यावं? बस निवांत. लेकराला मी नेते."

मायेनंच म्हणाल्या त्या.

"पायरीच्या खाली उभी राहील ती," मी मधे पडले. "नर्सबाई काय खाली येणार नाहीत?"

"कालच बसलेली बाई गावातून फिरवू? आन् इटाळ कुणाच्या डोक्यावर, बाई? तुमच्या?"

"माझ्या. घेते मी."

त्यांनी पोरीला काखोटीला मारलं नि गेल्या. अडचण नाही म्हणावं तर सोंग उघडं पडणार, आहे म्हणावं तर इंजेक्शन जाणार. रोहिणी पोत्याच्या सुतळ्या उपसत बसून राहिली.

आश्विनात ती गेली, तर नर्सबाईंच्या पेटीत इंजेक्शनच नव्हतं. साठा आला नाही, पुढच्या खेपेला या. मी म्हटलं, चल केजला, मी नेते. "काय सांगून निघू?" म्हणाली. मी निमित्तं सुचवली. दातदुखी, बँक, पोरीचा ताप. प्रत्येक निमित्ताला तुळजाबाई पिशवी घेऊन सोबत यायला तयार.

मग दिवाळी आली. शिवशंकर आठ दिवस राहिला.

तो गेल्यावर रोहिणी कार्तिकात बाहेर बसली, मार्गशीर्षात बसली. अंगावर खरं काही जात नाही, म्हणजे इंजेक्शनचा असर अजून आहे अशी तिची समजूत. खरी पाळी असती तर चुकलेली कळली असती. सोंगाची पाळी कशी चुकणार?

संक्रांतीला शिवशंकर आला आणि त्याच्यासमोरच ती भोवळ येऊन पडली. केजच्या डॉक्टरांनी मशीन लावलं, म्हणाले, तिसरा महिना. दिवाळीचे दिवस.

"दिवाळीचे कसे?" तुळजाबाई अंगणात उभ्या राहून बोलत होत्या, मला भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येत होता. "दिवाळीनंतर दोनदा बसलीय ही. मीच ताट दिलंय. मशीन चुकंल, मपले डोळे चुकायचे न्हाईत. मार्गशीर्षानंतर आजपातुर तू आलास का रे घरी? मग ह्ये कुणाचं?"

मी तशीच गेले. शिवशंकर बाजेवर बसून चपलेकडे बघत होता. थोरली पोर आईचा पदर धरून उभी. माझ्या जिभेवर आलं होतं, पण रोहिणीनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि स्वतःच बोलली.

"मी बसतच नव्हते, आत्याबाई. खोटं बसत होते. इंजेक्शन घेत होते."

तुळजाबाईंना पहिलं काय सुचलं? "म्हंजी वरीसभर मी तुला बसल्या जागी खाऊ घातलं?"

आम्रपालीला बोलावणं गेलं. तिनं सगळं खरं आहे म्हणून सांगितलं. बक्षीस म्हणून ऐकून घेतलं, "तुमच्यात पाळत न्हाईत, म्हणून आमचं घर बाटवतीस व्हय गं?" ती म्हणाली, "मावशी, बाटायला ती खरी बाहेर होती कुठं?" आणि निघून गेली. त्या घराच्या पायरीवर ती पुन्हा चढली नाही.

शिवशंकर एवढंच म्हणाला, "आजून काय काय खोटं हाय?" तो प्रश्न त्यानं परत घेतला नाही.

मी रोहिणीला गाठून सांगितलं, हे मूल नको असेल तर कायद्यानं तुझी एकटीची सही पुरते. ती म्हणाली, "आता पाडलं तर म्हणतील, दुसऱ्याचंच व्हतं."

आषाढात तिसरी मुलगी झाली. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. मी खाटेशेजारीच होते. नर्सनं विचारलं, तांबी बसवायची का, आत्ताच बसवून देते. रोहिणीच्या आधी तुळजाबाई बोलल्या, "न्हाई. पुढच्या खेपेला बघू."

"तिला विचारलंय," मी म्हटलं. "रोहिणी, तू बोल."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "नगं, बाई. मला घरी जायचंय."

आता ती आडोशाला खरीच बसते. अंगावर जातं फार, रंग पांढराफटक पडलाय. उठायच्या दिवशी तुळजाबाई तिच्या कापडाची घडी उलगडून डाग बघतात आणि मगच तिला न्हायला पाणी देतात. शिवशंकर हल्ली सणाची वाट न बघता दर अमावस्येला घरी येतो.

परवा मी भिंतीवरून वाकून म्हटलं, आम्रपालीशी बोलते, दुसरी काहीतरी वाट काढू.

"नगं, बाई," ती म्हणाली. "आता बसायलाबी खोटं उरलं न्हाई."

हसली नाही. तोंडापुढे हातही आला नाही.