जबर

हाडांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले होते. शेजारची मुलगी प्लॅस्टरमधला डावा हात मांडीवर ठेवून गणित सोडवत होती. "एक्स मानू," ती पुटपुटली. आमच्या वेळी आम्ही ‘क्ष’ मानायचो.

माझे वडील, अण्णा, गणित शिकवताना बगदादच्या एका जुन्या गणितज्ञाबद्दल असं बोलत, जणू तो शेजारच्या गल्लीत राहतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्याने समीकरणांवर ग्रंथ लिहिला. वजाबाकीने एक बाजू तुटकी पडली, की दोन्हीकडे तेवढंच मिळवून तो ती भरून काढी. या रीतीला त्याने नाव दिलं अल-जब्र. "म्हणजे मोडलेलं सांधणं. हाडवैद्याचा शब्द आहे तो," अण्णा सांगत. मी म्हणायचे, "काहीतरीच! जबर तर मार बसतो."

मी शाळेत असतानाच आई गेली. तो मार जबरच होता. अण्णा रोज सकाळी माझ्या वेण्या घालू लागले, सैल आणि वाकड्या. ते फक्त माझीच बाजू भरून काढताहेत, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

शेजारच्या मुलीने डावीकडे सात मिळवले. मग, न विसरता, उजवीकडेही.