मामांच्या स्लॅबवरचं पाणी

आधी कॉफी संपवा, मग सांगतो. कारण हे ऐकून तुम्ही हसणार, आणि मला अजून हसू येत नाही.

मी तंजावुरात बांधकामांची तपासणी करतो. सिमेंट, वाळू, सळ्या पारखायच्या आणि पास-नापास ठरवायचं. गेल्या पावसात आमच्या भागात एक नवी इमारत कोसळली. आत माणसं होती. तेव्हापासून मी इतका धास्तावलोय, की लग्नाला गेलो तरी नवरा-नवरीच्या आधी मंडपाचे खांब ठोकून बघतो. बायको हल्ली लांब जाऊन बसते.

तर तिरुवैयारूला माझ्या मामांनी मुलीसाठी घर बांधायला काढलं. मामांनी जन्मभर भातशेती केली. मला म्हणाले, "कमला पोरांस घेऊन ह्या छताखाली निजणार. तू बघ. तू बघितलास की मज काळजी नाही."

मी बघितलं की! वाळू धुऊन घेतली, सळ्यांमधलं अंतर मापलं, मेस्त्रीला रडकुंडीला आणलं. स्लॅब झकास ओतून झाला. आता उरलं फक्त पाणी. ताजं काँक्रीट ओलं राहिलं तरच ताकद धरतं, उन्हात सुकलं तर कच्चं राहतं. म्हणून स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी तुंबवून ठेवतात.

मला दुसऱ्या कामाला ओरत्तनाडुला जायचं होतं. आता हे मामांना समजवायचं कसं? मोठ्या ऐटीत म्हणालो, "मामा, हे तुमचं भाताचं शेतच समजा. त्याला जपता तसं ह्याला जपा."

मामांचा चेहरा खुलला. "एवढंच का? ते मज कोण्ही शिकवायास नको."

काय सुरेख समजावलं, म्हणून बसमध्ये मी माझ्यावरच खूश.

परत आलो तर स्लॅब खडखडीत कोरडा. चैत्रातलं ऊन, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा. मामा शेजारी समाधानानं उभे.

"मामा, पाणी कुठंय?"

"सोडून दिलं."

"का?"

"अय्यो, भाताच्या वयलांतलं, शेतांतलं पाणी मधे बाहेर काढायास नको का? जमीन जरा तडकली की मुळांस वारा लागतो, मग पीक जोर धरतं. तूच सांगितलास नं, शेत समजा म्हणून?"

"पण स्लॅबला मुळं कुठून येणार?"

"ते मज काय ठाऊक? इंजिनीयर तू."

मी खाली वाकून भेगा मोजायला लागलो.

स्लॅबचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दाबून बघितला. नापास. पाडायला मलाच सांगावं लागलं. नव्या खिडक्यांसाठी शिवलेले पडदे कमलानं घडी करून ट्रंकेत ठेवले.

पाडकाम चालू असताना मामा सगळ्या गल्लीला सांगत होते, "चूक माझी. ह्याची नाही." त्यानं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दुसरा स्लॅब ओतलाय. तपासणीला कमलानं दुसरा इंजिनीयर आणला. मी हट्टच धरला, मलाही काही काम दे. दिलंय. रोज सकाळी तंजावुरातून जाऊन मी स्लॅबवर पाणी घालतो.

आणि मी ते नीट घालतोय की नाही, हे बघायला तिनं माणूस बसवलाय. मामांना.